विणकामाची पहिली ओळ

भिलाईला थंडी पडते असे सांगितले, तर मुंबईच्या आप्तांना ते खरे वाटत नाही. पोलादाचा कारखाना, तापलेल्या भट्ट्या आणि मे महिन्यातील रणरणते ऊन एवढ्याच खुणांनी ते या गावाला ओळखतात. परंतु मार्गशीर्ष-पौषातील पहाटे येथे अंगणात पाऊल ठेवले की लोकरीची आठवण होते, आणि पहिल्या पाळीला निघालेल्या माणसांच्या कानांभोवती मफलर गुंडाळलेले दिसतात.

अशाच एका पौषात मी आमच्या सहा महिन्यांच्या नातवासाठी कानटोपी विणली. दोन सुलट, दोन उलट अशी साधी वीण, मऊ पिवळी लोकर, दहा नंबरच्या सुया. टोपी दिसायला सुरेख झाली. बाळाच्या डोक्यावर मात्र ती जेमतेम चढली, आणि तासाभराने काढली तेव्हा त्याच्या कपाळावर लाल वळ उमटलेला होता. टोपीचे अंग हाताने ताणले तर दुपटीने रुंद होत होते. ताणली जात नव्हती ती केवळ तिची कड, म्हणजे सर्वांत आधी घातलेली टाक्यांची पहिली ओळ.

शेजारच्या क्वार्टरमध्ये तेव्हा एक पंजाबी कुटुंब राहत असे. त्या घरातील आजींना सारी गल्ली बीजी म्हणे. बीजींनी टोपी हातात घेतली, दोन्ही अंगठ्यांनी कड ताणून पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "फंदे कसके डाले हैं." मग माझ्याच सुईवर त्यांनी दहा-बारा टाके घालून दाखवले. बोटे इतकी भराभर फिरली की मला काही उमगले नाही. पण ती कड ओढली तर रबरासारखी लांबली आणि सोडली तर पुन्हा आपल्या जागी आली. या पद्धतीला काय म्हणतात, असे मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, "इसका क्या नाम होगा? ऐसे ही डालते हैं."

या उत्तराने मी विचारात पडले. जी गोष्ट इतकी उपयोगी, तिला नाव असू नये, आणि ती कोणी शोधली हेही कोणास ठाऊक असू नये, हे कसे? त्या दिवसापासून विणकामाच्या इतिहासाविषयी जे जे हाती येईल ते मी वाचू लागले. या लेखात त्या वाचनाचा आणि बीजींच्या ओसरीवर घालवलेल्या तीन दुपारींचा वृत्तांत आहे.

प्रथम ही कड ताणत का नाही ते पाहू. मागावर विणलेल्या कापडात उभे ताणे आणि आडवे बाणे एकमेकांना काटकोनात छेदून सरळ जातात. म्हणून धोतर किंवा लुगडे ओढले तरी फारसे वाढत नाही. सुयांवरील विणकामाची रचना सर्वस्वी वेगळी आहे. तेथे एकच दोरा फाशांमागून फासे करीत पुढे जातो, आणि प्रत्येक फासा खालच्या ओळीतील फाशातून ओढून काढलेला असतो. वस्त्र आडवे ताणले की फाशांच्या उभ्या बाजूंतील दोरा आडव्या बाजूंकडे सरकतो. वस्त्र रुंद होते आणि उंचीला थोडे आखडते. एका फाशाने शेजारच्या फाशाकडून दोरा उसना घ्यावा आणि ताण सुटताच परत करावा, असा हा व्यवहार आहे. पहिल्या ओळीला मात्र खाली कोणीच नसते. तिच्या तळाशी असलेला दोरा जवळजवळ सरळ रेषेत धावतो, आणि टाके घालताना त्यात जेवढी लांबी पडली तेवढीच तिची कायमची पुंजी. अंगाने कितीही ताण घेतला, तरी कड आपल्या लांबीपलीकडे जाऊ शकत नाही.

यावर आपल्याकडच्या विणणाऱ्या बायका एक उपाय सांगतात: टाके घालताना दोन सुया एकत्र धराव्यात, किंवा एखादी जाड सुई वापरावी. मी तोही करून पाहिला. त्याने पहिल्या ओळीचे फासे उंच आणि ढगळ होतात, परंतु दोन टाक्यांमधले तळाचे अंतर पूर्वीइतकेच राहते. कड दिसायला सैल, पण ताणायला तशीच ताठ, अशी तिची स्थिती होते. खरा उपाय एकच: प्रत्येक टाक्याच्या बुडाशी थोडा अधिक दोरा शिलकी ठेवणे, आणि तोही असा की एरवी तो लोंबताना दिसू नये.

आता इतिहासाकडे वळू. लोकर महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. धनगरांची मेंढरे, सणगरांनी मागावर विणलेली घोंगडी आणि सोवळ्यात नेसण्याची धाबळी या वस्तू आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या होत्या. येथील छत्तीसगढचा कोसाही प्रसिद्ध आहे. परंतु हे सारे मागाचे काम. दोन सुयांवर फासे ओवून वस्त्र करण्याची विद्या आपल्या देशी परंपरेतील नव्हे. ती फार उशिरा, परक्यांच्या हातून आली.

तिचा उगम नेमका कोठला हे सांगताना मोठमोठ्या अभ्यासकांचीही फसगत झालेली आहे. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथील दफनभूमीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात, लाल लोकरीचे मोजे मिळाले. ते इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील असून आता लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांच्या अंगठ्याची बाजू वेगळी केलेली आहे. सीरियातील ड्युरा-युरोपस या नगराच्या अवशेषांत मिळालेले तुकडेही असेच जुने. दीर्घकाळ हे विणकामाचे आद्य नमुने मानले जात. पुढे बारकाईने तपासले तेव्हा लक्षात आले की ते एका नेढ्याच्या सुईने, दोऱ्याचे आखूड तुकडे जोडीत जोडीत केलेले काम आहे. त्याचे रूप दोन सुयांच्या विणीसारखे दिसते, पण रीत भिन्न आहे. खऱ्या विणकामाचे जुने अवशेष मिळतात तेही इजिप्तमध्येच, परंतु ते साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील. हे सुती मोजे निळ्या-पांढऱ्या रंगांचे असून काहींवर अरबी अक्षरांची नक्षी आहे. ते इतके सफाईदार आहेत की त्यांच्यामागे बऱ्याच काळचा सराव असला पाहिजे. म्हणजे या विद्येचा प्रारंभ त्याहूनही जुना. पण त्या प्रारंभीच्या वस्तू काळाच्या पोटात गेल्या.

या मोज्यांविषयीची एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. ते पंजापासून विणायला घेतलेले असत. थोडे टाके घालून बोटांकडून आरंभ करायचा, वाढवत वाढवत टाचेपर्यंत यायचे आणि घोट्यावर तोंड बंद करायचे. अशा रीतीत पहिली ओळ पायाच्या टोकाला दडून राहते; तिला ताणण्याची वेळच येत नाही. युरोपात पायमोजे लांब झाले, गुडघ्यापर्यंत पोचले, आणि ते वरच्या तोंडाकडून विणण्याची चाल पडली. आता मात्र त्या पहिल्या ओळीतून टाच जायला हवी, पोटरी जायला हवी, आणि मोजा वर टिकून राहावा म्हणून तिने पुन्हा आवळूनही यायला हवे. माझ्या नातवाच्या कानटोपीपुढे जी अडचण उभी राहिली, ती या पायमोज्यांपुढे कित्येक शतके आधी उभी राहिली होती.

युरोपातील जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणजे स्पेनमधील लास वेल्गास येथील मठात, १२७५ मध्ये निवर्तलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात मिळालेली उशीची खोळ. सुमारे १४०० च्या सुमारास जर्मनीत चितारलेल्या बुक्स्टेहुडच्या वेदीचित्रात तर साक्षात मेरी माता विणताना दाखवली आहे. तिच्या हातात अनेक सुयांवर पेललेला बाळाचा बिनशिवणीचा सदरा आहे, आणि ती त्याचा गळा पुरा करीत आहे. हे चित्र आता हाम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. चित्रकाराचे निरीक्षण इतके सूक्ष्म आहे की सुया मोजता येतात. तथापि त्याने निवडला तो शेवटचा क्षण. सदरा जवळपास तयार आहे, आणि त्याची पहिली ओळ कशी घातली होती हे आपल्याला कधीच कळणार नाही.

पुढील काळाची कागदोपत्री नोंदही अशीच चालते. १५६२ मध्ये फ्लॉरेन्सच्या एलिओनोरा दि तोलेदो हिला ज्या रेशमी पायमोज्यांनिशी दफन केले, त्यांत उलट टाका आढळतो. उलट टाक्याच्या आज ज्ञात असलेल्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी ते एक होय. १५८९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र काढले. त्याला स्वदेशात राजाश्रय मिळाला नाही, म्हणून तो फ्रान्सला गेला. त्याच्या यंत्राला फक्त एका बाजूचा टाका येत असे. दोन सुलट, दोन उलट ही जी ताणणारी वीण आपल्याकडे दहा वर्षांची मुलगीही घालते, ती यंत्राला साधायला आणखी १७० वर्षे लागली. १७५९ च्या सुमारास जेदिदाया स्ट्रट याने लीच्या यंत्राला एक जोड देऊन ती साधली, आणि त्या विणीला डर्बी शहराचे नाव पडले. यंत्रकर्त्यांची नावे, त्यांचे परवाने, त्यांचे खटले असे सारे इतिहासाने जपून ठेवले. हाताने ही वीण प्रथम कोणी घातली, याविषयी एक अक्षर नाही.

छापील पुस्तकांनीही हा दोष दूर केला नाही. १८४० मध्ये एडिंबरोच्या जेन गोगेन यांनी विणकामाचे पुस्तक काढले, आणि त्यानंतर इंग्लंडात अशा पुस्तकांची रीघ लागली. त्यांतील नमुन्यांचा आरंभ बहुधा अमुक इतके टाके घालावेत या आज्ञेने होतो. ते कसे घालावेत हे वाचणारीला तिच्या आईने अगोदरच शिकवले असणार, असे लिहिणारीने गृहीत धरलेले असते. आपल्याकडील नमुन्यांतही हीच रीत चालत आली. "८० टाके घालावेत व दोन सुलट, दोन उलट अशा १२ ओळी विणाव्यात," असे वाक्य ज्या गृहिणीने वाचले नसेल ती विरळा. त्या वाक्यातील पहिले तीन शब्द सर्वांत कठीण आहेत, हे कपाळावरचा वळ पाहीपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते.

ही विद्या मराठी घरांत शिरली ती मुख्यतः मुलींच्या शाळांतून. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार तेथे आल्या, आणि पुढे अहमदनगरला त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. मिशनच्या शाळांत लिहिण्यावाचण्याबरोबर सुईकाम शिकवण्याचा प्रघात होता. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या १८९६ च्या अनाथ बालिकाश्रमासारख्या किंवा रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनासारख्या संस्थांमुळे हाताच्या कामाला स्वावलंबनाचा अर्थ आला. १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघाले, आणि पुढच्या काही दशकांत स्त्रियांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने छापले जाणे ही नित्याची गोष्ट झाली.

या प्रवासाची खूण आपल्या भाषेतही उरली असावी, असे मला वाटते. आपण म्हणतो, "सुईवर टाके घातले." टाका हा शब्द शिवणकामाचा. कापड अगोदर असते, त्यात सुई जाते, तेव्हा टाका पडतो. विणकामात तर कापडच नसते. दोऱ्याचे नुसते फासे असतात. शिवणाच्या तासाला शिकलेली विद्या म्हणून आपण शिवणाचाच शब्द तिला दिला असेल काय? हिंदी भाषिक स्त्रिया म्हणतात, "फंदे डालो." त्यांचा शब्द डोळ्यांना जे दिसते तेच सांगतो. बीजींच्या तोंडून हा शब्द ऐकल्यावरच पहिल्या ओळीतला प्रत्येक टाका हा वास्तविक एक फासा आहे, आणि फासा म्हटला की तो सैल किंवा घट्ट असणारच, हे मला स्वच्छ दिसले.

विणकाम हे चार घरांपुरते न राहता साऱ्या देशाचे काम झाले, असाही एक हिवाळा होऊन गेला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले, आणि हिमालयात अपुऱ्या कपड्यांनिशी लढणाऱ्या जवानांसाठी देशभरातील स्त्रियांनी सुया हाती घेतल्या. स्वेटर, मोजे, हातमोजे, कानटोप्या यांचे ढीग जमले. उष्ण प्रदेशांतल्या, स्वतः कधी लोकर न वापरलेल्या स्त्रियांनीही त्या दिवसांत एकमेकींकडून विणणे शिकून घेतले. त्याच सुमारास तिबेटमधून आलेल्या निर्वासितांची एक वसाहत आपल्या सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर झाली. पुढे हिवाळ्यात गावोगाव तिबेटी विक्रेत्यांचे लोकरी कपड्यांचे बाजार भरू लागले. लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला स्वेटर तेथे सहज मिळू लागल्यावर घरी विणण्याची निकड कमी होत गेली. यात कोणाचा दोष नाही. परंतु ज्या विद्येची नोंद कागदावर नाही, ती दोन पिढ्या हातात आली नाही की संपते, ही भीती त्यामुळे उत्पन्न झाली.

आता त्या ताणणाऱ्या कडेकडे येऊ. युरोपातील स्त्रियांनी तिच्यासाठी अनेक युक्त्या योजल्या. पहिल्या युक्तीत पहिली ओळ दुहेरी, पोकळ नळीसारखी घालतात. विणीच्या उभ्या रेषा कडेवरून वळून मागे गेल्यासारख्या दिसतात. तिला बहुधा इटलीचे नाव जोडतात. दुसरीत दोऱ्याला गाठीसारखे मणी काढतात. ती इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनेल बेटांच्या नावाने ओळखली जाते. तिसरीत फाशाच्या बुडाशी एक जादा पीळ घालतात. बीजींची पद्धत ती हीच. इंग्रजी पुस्तकांत तिला कोठे जर्मन म्हटले आहे, तर कोठे जुनी नॉर्वेजियन.

एकाच पिळाला दोन देशांची नावे का, हे कोडे मला बरेच दिवस सुटेना. जर्मनीत ती उपजली आणि नॉर्वेत गेली, की उलट? याचा निवाडा करणारा पुरावा मला कोठे आढळला नाही. मग हळूहळू ध्यानात आले की ही नावे जन्मस्थानाची नसावीतच. कोणा एकीने ती आपल्या जर्मन शेजारणीकडून उचलली, कोणा दुसरीने नॉर्वेच्या एखाद्या बाईकडून. प्रत्येकीने आपण कोणाकडून शिकलो त्याचे नाव लावले. खुद्द शिकवणारीला नावाची गरज कधी भासली नसणार. बीजींसारखेच तीही म्हणाली असेल, की असेच घालतात.

चौथी युक्ती भिलाईच्या रहिवाशांना विशेष जवळची वाटावी. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वर्षांत येथे राहिलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांची आठवण मैत्री बागेच्या नावात आजही आहे. बांधकामावरील त्यांचे मुख्य अभियंता व्ही. ई. दिम्शित्स हे पूर्वी उरल पर्वताच्या परिसरातील मॅग्निटोगोर्स्क येथील बांधकामाचे प्रमुख होते. त्याच उरलच्या दक्षिणेस ओरेनबुर्ग हा प्रदेश आहे, आणि तेथील शेळ्यांच्या मऊ लवीच्या शाली जगप्रसिद्ध आहेत. अंगठीतून आरपार जाईल इतकी ती शाल तलम असते. प्योत्र रिच्कोव या विद्वानाने १७६६ मध्येच या लवीवर निबंध लिहिला होता, आणि १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मारिया उस्कोवा या विणणारीला तिच्या शालींसाठी पदक मिळाले. विणकामाच्या इतिहासात विणणारीचे नाव क्वचित सापडते, म्हणून ते येथे मुद्दाम नमूद करते.

ओरेनबुर्गच्या स्त्रियांनी ताठ कडेचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. शालीच्या रुंदीचे शेकडो टाके त्या एकदम घालीतच नाहीत. थोड्याशा टाक्यांवर आरंभ करून त्या प्रथम दातेरी किनारीची चिंचोळी पट्टी आडवी विणतात, आणि पट्टी पुरेशी लांब झाली की तिच्या बाजूने टाके उचलून शालीचे अंग सुरू करतात. सबंध शालीला लांब अशी पहिली ओळच उरत नाही, मग ती ताठ राहणार कशी? सोव्हिएत तंत्रज्ञांच्या सहवासात येथे झोतभट्ट्या, रुळांची गिरणी आणि पोलादाचे आकडे आले, आणि त्या सर्वांची तारीखवार नोंद आहे. त्यांच्या कुटुंबांतील स्त्रियांनी हिवाळ्याच्या दुपारी येथील शेजारणींना काही शिकवले असेल, तर ते कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

बीजींच्या तीन दुपारी मी मात्र लिहून ठेवल्या. घाई होती, कारण त्यांचा मुलगा मार्चअखेर निवृत्त होणार होता, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते हे या गावात सर्वांना ठाऊक आहे. ते कुटुंब पंजाबात परतायचे होते. शिवाय बीजींची नव्वदीकडे वाटचाल चाललेली. हातांना कंप सुटू लागला होता. सुई हाती आली की तो थांबे, पण फार वेळ नाही.

पहिल्या दुपारी मी नुसती पाहत होते. दुसऱ्या दुपारी वही घेऊन बसले आणि प्रत्येक हालचाल लिहू लागले. डाव्या हाताच्या अंगठ्यावर दोऱ्याचे मोकळे टोक, तर्जनीवर गुंड्याकडचा दोरा. नेहमीच्या पद्धतीत सुई अंगठ्यावरच्या फाशातून खालून वर जाते, तर्जनीवरचा दोरा उचलते आणि त्याच फाशातून परत येते. बीजींची सुई आधी अंगठ्यावरच्या दोन्ही दोऱ्यांखालून जाई, मागच्या दोऱ्यावरून वळून दोहोंच्या मधून खाली उतरे आणि आपल्याकडे वर येई. त्यामुळे अंगठा आणि सुई यांच्यामध्ये दोऱ्याला एक पीळ पडे. मग सुई तर्जनीवरचा दोरा उचली. आता अंगठा किंचित वाकवला की पिळाच्या अलीकडे, सुईलगत, एक लहानशी फट उघडे. सुई त्या फटीतून खाली येई, अंगठा सुटे आणि फासा बसे. तो जादा पीळ म्हणजेच बुडाशी शिलकी ठेवलेला दोरा. एरवी तो पिळात दडून राहतो. कड ताणली की उलगडतो. साध्या पद्धतीत कडेच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट टोक सोडावे लागते. येथे त्याहून बरेच अधिक सोडावे, नाहीतर शेवटच्या चार टाक्यांना दोरा पुरत नाही.

एवढे नीट लिहूनही घरी आल्यावर ते मला जमले नाही. पीळ पडे, पण फट काही केल्या सापडेना. आमचे यजमान कारखान्याच्या तारेच्या विभागात नोकरीला होते. माझी वही वाचून ते म्हणाले, की अंगठा कधी वाकवायचा हे यात कोठेच लिहिलेले नाही. त्याच वेळी त्यांनी एक मौजेची माहिती दिली. सुयांचे नंबर आपल्याकडे उलटे चालतात, दहापेक्षा बारा नंबरची सुई बारीक, त्याचे कारण तारेत आहे. हे जुने नंबर इंग्लंडच्या तारेच्या मापांवरून आले. तार जितक्या अधिक वेळा छिद्रातून ओढावी तितकी ती बारीक होते, आणि तिचा नंबर तितका वाढतो. १८८४ पासून तेथे कायद्याने ठरलेल्या मापात दहा नंबरची तार सव्वातीन मिलिमीटर जाडीची आहे, आणि आपली दहा नंबरची सुईही तेवढीच. चाळीस वर्षे मी ते नंबर वापरीत होते, आणि त्यांचे मूळ माझ्या घरातच होते!

तिसऱ्या दुपारी वही घरी ठेवून गेले. बीजींनी माझा डावा अंगठा आपल्या चिमटीत धरला, आणि ज्या क्षणी तो वाकायला हवा त्या क्षणी त्यांनी तो वाकवला. असे वीस-पंचवीस वेळा झाले. मग त्यांनी बोटे काढून घेतली आणि माझा अंगठा आपोआप वाकत राहिला. त्याच आठवड्यात मी जुनी टोपी उसवली आणि त्याच लोकरीची नवी विणली. बाळाने ती सबंध सकाळ डोक्यावर ठेवली, आणि काढली तेव्हा कपाळ स्वच्छ होते.

बीजी एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्या क्वार्टरमध्ये आता एक तेलुगू कुटुंब आले आहे. गेल्या दिवाळीनंतर त्या घरातील सूनबाई आपल्या मुलीसाठी टोपी विणायला बसल्या, आणि कड घट्ट झाली म्हणून माझ्याकडे घेऊन आल्या. मी त्यांना तो पीळ दाखवला. नेहमीप्रमाणे त्यांना तो दिसला नाही. शेवटी त्यांचा अंगठा माझ्या चिमटीत धरावा लागला. जमल्यावर त्यांनी विचारले, की याला काय म्हणतात? जर्मन, नॉर्वेजियन अशी सारी नावे माझ्या ओठांवर आली होती. पण मी सांगितले, "बीजींचा फंदा." आमच्या गल्लीत आता त्याला तेच नाव पडले आहे.